चिमणीचं तोंड कुणीकडे

४ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

खुशाली, आशीर्वाद वगैरे नेहमीचं समजून घ्या, कारण आज बातमी मोठी आहे. मी कॉलेजात नाव घातलंय. या वयात. आधी हसून घ्या, मी थांबते.

झालं? तर विषय आहे गुन्हेगारी वर्तनाचं मानसशास्त्र. मंगळवार आणि शुक्रवार, चष्म्याचं दुकान सुटल्यावर. कोर्स नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी असला तरी वर्ग लहान मुलांच्या शाळेत भरतो, त्यामुळे कुणाचेच गुडघे बाकाखाली मावत नाहीत. भिंतीवर मुलांनी खडूनं मासे काढलेत. माझ्या शेजारी एक निवृत्त दंतवैद्य बसतात. तास सुरू झाला की त्यांचा डोळा लागतो, पण झोपेतही ते मान डोलावतात, म्हणून बाईंचं त्यांच्याविषयी फार चांगलं मत आहे.

बाई पूर्वी तुरुंगातल्या कैद्यांशी बोलायच्या, तीच त्यांची नोकरी होती. आवाज इतका हळू की ऐकता ऐकता मीसुद्धा कुठंतरी वाहत जाते. समोर खून, दरोडे, जाळपोळ चाललेली असते आणि मी त्या माशांबरोबर पोहत असते. दिवसभर काचा घासलेल्या असतात ना, अर्धवट घासलेल्या काचेतून पाहिलं की सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसतं. वर्गातून घरी येताना रस्ता मला तसाच दिसतो. दिवे, माणसं, झाडं, कशाला म्हणून कडा नाही.

हा विषय का घेतला, हे तुम्ही विचारणार नाही, कारण तुम्हाला ठाऊक आहे. तुमचे दादा घरातला कोळीसुद्धा मारत नाहीत, पेल्यात धरून खिडकीबाहेर सोडतात. असा माणूस लाँड्रीची गाडी घेऊन कपडे पोचवायला निघतो, वळणावर एका सायकलवाल्याला धडक देतो आणि थांबत नाही. तुरुंगात भेटायला गेले तेव्हा मी एकच विचारलं, "थांबला का नाहीत?" ते काचेपलीकडे आपल्या बोटांकडे बघत बसले. मी म्हटलं, उत्तर सापडेल तेव्हा घरी या, त्याआधी नको. रागाच्या भरात मी बोलायचं ते बोलून गेले. त्यानंतर त्यांनी ना भेट दिली, ना पत्र लिहिलं. सप्टेंबरात सुटतील. तेव्हा ते येतील का, आणि आले तर मी दार उघडेन का, दोन्ही मला माहीत नाही. भाऊजी, हा प्रश्न उशाशी घेऊन झोपायचा मला कंटाळा आलाय. उत्तर त्यांना सापडत नसेल तर मलाच शोधायला हवं.

तुमच्या बाबांनी केलेली लाकडी चिमणी दारावरच्या फळीवर आहे, बाहेर तोंड करून. घरात शेवटी येईल त्यानं तिचं तोंड आत फिरवायचं, ही तुमच्या घराची रीत मी लग्नानंतर शिकले. दादा बाहेर आहेत तोवर मी तिला हात लावत नाही. पुसतेसुद्धा जागच्या जागी.

तुमची,
विद्यार्थिनी वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. गुडघा दुखतोय म्हणून उभ्यानंच.

मी हसलो नाही. थोडा हसलो, ते दंतवैद्यांना. तू पत्र लिहितेस ते बरं करतेस. फोनवर मी नुसतं हूं हूं करतो अशी तुझी तक्रार असते, आणि इथं टेकडीवर फोन लागतो तो वाऱ्याच्या मर्जीनं.

इथं सध्या धुकं. सकाळी हवामानखात्याचा फुगा सोडायला अंगणात जातो तेव्हा मला माझाच हात दिसत नाही. फुगा सुटतो, दोरी बोटांतून सर्रकन जाते, आणि मग नुसतं वर बघत उभं राहायचं. सरकार मला पगार देतं ते बहुधा त्या बघत उभं राहण्याचा. फुगा उंच जाऊन फुटतो आणि खालचा डबा छोट्या छत्रीनं कुठंतरी उतरतो. डब्यावर आपला पत्ता असतो, सापडल्यास पाठवावा म्हणून. बहुतेक डबे येत नाहीत. मागं एका बाईनं पाठवला, पण स्वच्छ धुऊन, साबण लावून. आतलं यंत्र कामातून गेलं. तरी मला फार बरं वाटलं.

दादाबद्दल तुला काय सांगू. लहानपणी त्याला काडेपेटी आणायला पाठवलं की दिवेलागण व्हायची. "आत्ता आलो" म्हणून जायचा. खोटं बोलायचा नाही. पुढच्या खांबावरून वळतो, असं म्हणत म्हणत गावाच्या टोकाला पोचलेला असायचा. आईचा जीव खालीवर व्हायचा. तो आला की नाही हे अंथरुणातूनच तिला दिसावं म्हणून बाबांनी मोडक्या खुर्चीच्या पायातून ती चिमणी कोरली. कोरली चिमणी, झालं बदक, पण बाबांना सांगणार कोण?

एक विचारू? उत्तर सापडलं तर तू त्याचं करणार काय?

तुझा,
ढगांचा कारकून


२ एप्रिल

प्रिय भाऊजी,

तुमच्या प्रश्नाला उत्तर नाही, म्हणून इतके दिवस पत्रही नाही. पण आता लिहायलाच हवं. माझ्या घरात कुणीतरी येऊन जातंय.

घाबरू नका, मीही घाबरले नाही. मार्चात एका मंगळवारी वर्गावरून आले. कुलूप होतं तसं. आत पाऊल टाकलं आणि घर गप्प वाटलं. पाण्यात कान बुडाले की वाटतं तसं. दिवा न लावता तशीच उभी राहिले, आणि मग कळलं, मोरीतला नळ ठिबकत नाहीये. तो नळ मला झोपवायचा, उठवायचा, त्याच्याशी मी बोलायची. आता एक थेंब नाही. कुणीतरी वायसर बदलून गेलं होतं.

पुढच्या मंगळवारी कपाटाचं दार. इतके दिवस ते उघडताना कण्हायचं, आता मुकाट्यानं उघडतं. त्यानंतरच्या मंगळवारी वाचायचा दिवा, ज्याची मान पडली होती, तो ताठ. चोरीला काही नाही. डब्यातलं बिस्कीटसुद्धा जागेवर. किल्ली मी पूर्वीसारखीच पायरीवरच्या कुंडीखाली ठेवते. हल्लीची कुंडी मला बागेतल्या माळीबुवांनी दिलेली. हो, तेच, सायकलवाले. त्यांच्या चष्म्याच्या काचा मी घासल्या, तेव्हापासून ओळख आहे. मी कुणाची कोण ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एक पाय आखडला तो आखडलाच. आता उकिडवं बसता येत नाही, तर स्टुलावर बसून रोपं लावतात.

तर परीक्षेसाठी आम्हाला एका गुन्हेगाराचा अभ्यास लिहायचा आहे. बाकीचे वर्तमानपत्रं धुंडाळतायत. मला घरबसल्या मिळाला. बाईंनी परवा छान शिकवलं. म्हणाल्या, गुन्हेगाराची पद्धत वेगळी आणि खूण वेगळी. काम साधायला जे करावंच लागतं ती पद्धत. ज्याची काही गरज नसते, पण केल्यावाचून राहवत नाही, ती त्याची खूण. माणूस पद्धत बदलू शकतो. खूण त्याच्या हातून आपसूक होते, त्याला कळतही नाही.

घरात आणखी एक गोष्ट बदलली होती, अगदी पहिल्याच मंगळवारी. ती मात्र मी कुणाला सांगणार नाही. पोलीससुद्धा एक गोष्ट स्वतःपाशी ठेवतात म्हणे, फक्त करणाऱ्याला ठाऊक असलेली. पत्र लिहिता लिहिता पेन हातात धरून मला दोनदा डुलकी लागली. नळ नाही ना, जागं राहायला काही आवाजच नाही.

तुमची वहिनी


१४ एप्रिल

वहिनी,

नमस्कार. पत्र मिळालं, लगेच लिहितो आहे.

पहिलं म्हणजे पोलिसांत जाऊ नकोस. त्यांना आधीच कामं कमी आहेत का? दुसरं, कुलूप बदलू नकोस. हल्लीची कुलपं काही खरी नाहीत. तिसरं, माणूस निरुपद्रवी दिसतो. नळ दुरुस्त करणाऱ्याला चोर म्हणायचं तर सगळ्या प्लंबरांना आत टाकावं लागेल. एखादा एकटा माणूस असेल, घर बघायची हौस असेल. तू त्याच्यावर फार विचार करू नकोस. विचार केलास तर वाईट करू नकोस.

माझं ठीक आहे. मला एक मदतनीस मिळालाय. वयानं मोठा आहे, बोलतो कमी. पण फुग्याची गाठ अशी मारतो की बघत राहावं. धुकं असलं की तो कुंपणापाशी जाऊन उभा राहतो, रस्ता जिथं टेकडीवरून खाली वळतो तिथं. मी हाक मारली की "आत्ता आलो" म्हणतो आणि तिथंच असतो. मंगळवारी सामानाच्या ट्रकनं खाली गावात जातो. गाडी स्वतः चालवत नाही, ड्रायव्हरशेजारी बसतो आणि डोळे मिटून घेतो, असं ड्रायव्हर सांगत होता.

अभ्यास जपून कर. घर छान ठेवलं आहेस, तुझे नवे निळे पडदे तर फारच छान. तब्येत सांभाळ.

तुझा,
भाऊजी


६ मे

प्रिय भाऊजी,

पडद्यांविषयी मी तुम्हाला कधी लिहिलं होतं? असो. हवामानखात्याला वरून सगळं दिसत असेल.

माझ्या गुन्हेगाराचं वर्णन तयार झालं. वाचून दाखवते. पुरुष, पन्नाशीच्या आसपास. डावखुरा, कारण दिव्याचा स्क्रू उजव्या बाजूनं खरवडलाय. पाना-पक्कड घरातलीच वापरतो आणि जिथली तिथं ठेवतो, म्हणजे कुठली कुठं असते ते त्याला माहीत आहे. पलंगावर बसत नाही. खुर्चीवर बसतो, तीही टोकाला, उशीवर पडलेला खळगा पुढच्या कडेला असतो. भिडस्त. दार वाजवण्यापेक्षा दार उघडून शिरणं ज्याला सोपं वाटतं, असा.

बाईंनी समासात लिहिलं, "बारकाईनं केलं आहे, पण अभ्यासविषयाच्या प्रेमात पडू नये." मी तास संपल्यावर म्हटलं, बाई, त्याला आता फार उशीर झालाय. त्या हसल्या नाहीत. फळा पुसायला लागल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "माणसाला 'का केलंस' असं विचारू नका. 'का' म्हटलं की तो उत्तर तयार करतो, नाहीतर मुका होतो. 'मग काय झालं' असं विचारा. 'मग काय झालं' म्हटलं की तो आठवतो."

भाऊजी, मी त्या संध्याकाळी बस सोडून चालतच घरी आले. सगळीकडे तो दुधी उजेड. मी काचेपलीकडच्या माणसाला 'का' विचारलं होतं, आणि तो मुका झाला होता. एवढंच. एवढ्यासाठी दोन माणसं दोन घरांत दोन वर्षं.

आता माझं एक काम करा. तुमच्या त्या मदतनिसाला विचारा. माझ्या अभ्यासासाठी म्हणून विचारा, उत्तराखाली नाव नको. कोळी पेल्यात धरून सोडणारा एक माणूस गाडी चालवतोय. वळणावर सायकल आली. मग काय झालं?

मध्ये मध्ये बोलू नका. नुसतं हूं हूं करायची तुम्हाला सवय आहेच.

वहिनी


२४ मे

वहिनी,

आता मदतनीस मदतनीस पुरे. तुला कळलंय हे मला कळलंय, आणि त्यालाही. दादाला मार्चमध्येच सोडलं, वागणूक चांगली म्हणून. तो थेट इथं आला. तुला कळवायचं नाही अशी त्यानं शपथ घातली. तुझ्या तासांची वेळ त्याला मीच सांगितली. तुझी पत्रं त्याला मोठ्यानं वाचून दाखवतो. रागाव, पण माझ्यावर निम्मीच रागाव.

मी विचारलं. तू सांगितलंस तसंच, शब्द न बदलता. फुग्यात गॅस भरत होतो, तो नळी धरून होता. धुकं इतकं की आम्हाला एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. त्यामुळेच बोलला असेल. त्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत लिहितो.

"आवाज फार झाला नाही. आरशात पाहिलं तर तो उठून बसलेला दिसला. मला हायसं वाटलं. म्हटलं, रस्ता अरुंद आहे, पुढच्या वळणावर गाडी फिरवू. वळण आलं, ब्रेक दाबला. मागनं एक गाडी येत होती. म्हटलं, जाऊ दे हिला, पुढच्या वळणावर. तिथंही ब्रेक दाबला आणि सोडला. मग पूल आला. पुलावर कुठं वळणार? पुलापलीकडे एका घरी कपडे द्यायचे होते. म्हटलं, आलोच आहे तर देऊन परत फिरतो. त्या बाईंनी पाणी दिलं, प्यालो. मग अंधार पडायला लागला. घरी आलो. हात धुतले. जेवायला बसलो. ती काहीतरी विचारत होती, मी हो म्हणत होतो. जेवतानासुद्धा मी परतच निघालेलो होतो. पळालो असं मला कधी वाटलंच नाही. पोलिसांनी बेल वाजवली तेव्हा मी त्यांना सांगणार होतो, मी निघालोच होतो म्हणून."

मग फुगा भरला. त्यानं गाठ मारली, सोडला, आणि आम्ही दोघं नसलेल्या फुग्याकडे बघत उभे राहिलो. शेवटी म्हणाला, "हे उत्तर आहे का, मला माहीत नाही. तिला सांग, एवढंच झालं."

मला रडू आलं, वहिनी. तुला लिहायला लाज नाही वाटत.

भाऊजी


१० जून

प्रिय भाऊजी,

निम्मं रागावून झालं.

ते पत्र मी दुकानात वाचलं. चाकावरची काच जास्त घासली गेली आणि फुटली. मालक म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, उत्तर आलंय.

आता मी दोन गोष्टी सांगते. दादांना मोठ्यानं वाचून दाखवा.

पहिली. माळीबुवा एकदा मला सांगत होते, मी न विचारता. म्हणाले, "मी रस्त्यावर बसलेलो. गाडीचे मागचे दिवे बघत होतो. पहिल्या वळणावर लाल दिवे भक्कन उजळले. म्हटलं, थांबला, येतोय. मग विझले. पुढच्या वळणावर परत उजळले. म्हटलं, आता नक्की. तुम्हाला सांगतो ताई, पाय तेवढा दुखला नाही तेवढे ते दिवे दुखले." हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कोर्टात कुणी विचारलं नाही, आणि मला त्याचा अर्थ कळला नव्हता. आता कळला. तुमचे दादा खरं बोलतायत. अगदी ब्रेकसकट खरं. आणि रस्त्यावर बसलेल्या माणसाला त्या खरेपणाचा काडीचा उपयोग झाला नाही. दोन्ही गोष्टी मला एकदमच दिसतात, आणि दोन्हींवर मला रडू येतं.

दुसरी. मी लपवलेली गोष्ट. पहिल्या मंगळवारी नळ बंद झाल्याचं मला नंतर कळलं. त्याआधी दारातच दिसलं ते हे, की चिमणीचं तोंड आत होतं. दोन वर्षं मी तिला बाहेर बघायला लावलं होतं, आणि कुणीतरी आत येऊन, सवयीनं, वर न बघता हात उचलून, तिला फिरवून गेलं होतं. जगात असं करणारी माणसं दोनच उरलीत, आणि त्यातलं एक टेकडीवर फुगे सोडतं. मी अंधारात उभी राहून चिमणीचं तोंड पुन्हा बाहेर केलं. पुढच्या मंगळवारी ती परत आत. मी परत बाहेर. असा आमचा संसार चाललाय, दर मंगळवारी, एकमेकांना न दिसता. तुम्हाला सांगू, मी त्या दिवसांत सुखात होते. शुक्रवारपासूनच मला मंगळवारची स्वप्नं पडायची.

पण भाऊजी, मी अभ्यास अगदीच वाया घालवलेला नाही. नळ म्हणजे पुढचं वळण. कपाटाचं दार म्हणजे त्याच्या पुढचं. दिव्याची मान, खिडकीची कडी, सगळी वळणंच. ते अजून त्याच गाडीत बसलेत आणि परतच निघालेत. माझ्या घरात दुरुस्त करण्यासारखं खूप आहे, म्हातारपणापर्यंत पुरेल.

म्हणून किल्ली मी उचलली आहे. आता ती कुंडीखाली नाही. बेल चालू आहे, मी वाजवून पाहिली.

बाईंना मी विचारलं, कारण कळलं म्हणजे माफी झाली का? त्या म्हणाल्या, नाही, कारण कळलं म्हणजे नुसता पत्ता कळला, जायचं की नाही ते आपलं आपण ठरवायचं. मी माझ्यापुरतं ठरवलं आहे, बेल वाजली तर दार उघडायचं. मात्र एक दार माझ्या दाराच्या आधी लागतं. माळीबुवा दुपारी बागेतल्या काचघराजवळ असतात. स्टुलावर बसलेले.

वहिनी


२३ जून, रविवार

वहिनी,

हे पत्र तुला उशिरा मिळेल, तरी लिहितो, नाहीतर मला चैन पडणार नाही.

तुझं पत्र दादानं स्वतः वाचायला मागितलं. घेऊन कुंपणापाशी गेला. वाचता वाचता त्या लाल दिव्यांच्या ओळीपाशी आला असेल तेव्हा खाली बसला, ओल्या गवतात, तसाच. मी गेलो नाही. नंतरचे दिवस आम्ही नुसते फुगे सोडत होतो. एका संध्याकाळी आपण होऊन म्हणाला, "त्याला दिवे दिसत होते रे."

आज सकाळी उठलो तर तो दाढी करून बसलेला. ट्रक नाही, मंगळवार नाही. तुझा वर्ग नाही, तू घरी असशील हे त्याला पक्कं माहीत आहे. म्हणाला, बसनं जातो. मी म्हटलं, बागेजवळ उतरायचं तर घाटानंतरचा थांबा. तो म्हणाला, "नाही. आधी त्या वळणावर उतरतो. तिथून चालत."

फाटकापाशी त्यानं तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणणार, आत्ता आलो. म्हणाला नाही. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि धुक्यात शिरला. मी आज फुगा सोडायचा विसरलो. आजच्या दिवसाचं हवामान सरकारला कधीच कळणार नाही.

बस मधल्या थांब्यांवर बरीच थांबते. तो कुठल्या थांब्यावर उतरेल, कुठं पुढं जाईल, मला काही सांगता येत नाही. तू दाराशी उभी राहू नकोस. पण घरी राहा.

भाऊजी


३० जून

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र काल मिळालं. रविवारचं आता मी सांगते.

दुपारभर मी वही पुढ्यात घेऊन खिडकीशी बसले होते. अभ्यासाचा शेवटचा भाग लिहायचा होता, निष्कर्ष. काही सुचेना. निळ्या पडद्यातून उजेड येतो तेव्हा खोली तळ्याच्या तळाशी असल्यासारखी होते. मला डुलकी लागली. स्वप्नात वर्गातले मासे होते आणि दंतवैद्य त्यांचे दात तपासत होते. मग बेल वाजली. मला वाटलं, शाळा सुटली.

मी विचारलं, "कोण?"

दाराबाहेर चपला झटकल्याचा आवाज आला. मग, "मी आहे."

दार उघडलं. वाळलेत. कोपरापर्यंत माती, गुडघ्यांवर माती. मी वाक्यं तयार केली होती हो, चांगली अभ्यास करून. त्यातलं एक आठवेना. मी म्हटलं, "मग काय झालं?"

उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. वळणावर उतरले. तिथून बागेपर्यंत चालत आले. काचघराजवळ माळीबुवा स्टुलावर होते. हे समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "त्या गाडीत मी होतो. मी आलो नाही." माळीबुवांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माफ केलं असं म्हणाले नाहीत. नाही केलं असंही नाही. वाफ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मला खाली बसता येत नाही. तुम्हाला येतं ना?" मग दिवस कलेपर्यंत हे वाफ्यात उकिडवे बसले होते आणि ते स्टुलावरून रोपं देत होते. निघताना ते एवढंच म्हणाले की अजून चार वाफे आहेत. दर रविवारी जायचं ठरलंय. ठरलंय म्हणजे यांनी ठरवलंय. ते काय ठरवतात ते त्यांचं त्यांना.

माझंही तसंच आहे, भाऊजी. सगळं मिटलं असं मी लिहिणार नाही. अजून मी अचानक गप्प होते आणि यांना कळतं कशामुळं. निष्कर्षाचं पान मी कोरंच दिलं. बाईंनी त्याचे गुण कापले आणि खाली लिहिलं, "योग्य."

तर उंबरा. मी बाजूला झाले, हे आत आले. सवयीनं हात वर गेला, चिमणीपर्यंत पोचला, आणि तिथंच थांबला. माझ्याकडे बघून म्हणाले, "फिरवू?"

"शेवटी येईल त्यानं फिरवायची असते," मी म्हटलं.

हात मातीचे होते, तिच्या पंखावर बोट उमटलंय. बेलच्या बटणावरही. दोन्ही मी पुसलेलं नाही.

सध्या चिमणी आत तोंड करून आहे. तुम्ही कधी येताय ते कळवा, म्हणजे त्या दिवशी सकाळपासून तिला बाहेर बघत ठेवीन.

तुमची वहिनी